बाजू सांगायची राहिली

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माणूस आजही नागपुरात आहे. फायर स्टेशन कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

आणि एक आधीच सांगितलेलं बरं. ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. मे महिना, २०२४. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घराघरांत कूलर घरघरत असतात आणि माणसं आत मेल्यासारखी पडलेली असतात. फायर स्टेशनला मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त काम. कचरा पेटतो. ट्रान्सफॉर्मर पेटतात. कूलरच्या वायरी पेटतात. त्यात कोणाची गाय विहिरीत पडते, कोणाच्या झाडावर मांज्यात घार अडकते. लोकांना दुसरा नंबर आठवत नाही. एकशे एक फिरवतात.

तो फोन उचलायचं काम सुशील वैरागडेचं होतं. अकरा वर्षांपासून.

आगीची खबर आली की तिला स्टेशनवर ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी घ्यायची एक पद्धत आहे. नाव विचारायचं. पत्ता विचारायचा. जवळची खूण विचारायची. आणि शेवटी विचारायचं, “कोणत्या बाजूचं?”

हा शेवटचा प्रश्न नागपुरात फार महत्त्वाचा. इथे एकाच नावाचे तीन-तीन ले-आऊट आहेत. ज्यानं प्लॉट पाडले त्यानं बायकोचं नाव दिलं, नाहीतर आईचं, नाहीतर देवीचं. म्हणून बाजू विचारायची. उमरेड रोडची बाजू की काटोल नाक्याची. बाजू कळली की घंटा दाबायची. तोवर गाडी सोडायची नाही.

तीन मे रोजी दोन चाळीसला फोन आला.

“भाऊ, लवकर या. रेणुका ले-आऊट, प्लॉट नंबर बावीस. मी यमुना बोलते. कूलर पेटलाय. दार लागून गेलंय भाऊ. उमरे...”

“हो हो, माहीत आहे,” सुशील म्हणाला. आणि फोन ठेवला.

त्याचा डबा उघडा होता. हात खरकटा होता. तासाभरापूर्वीच काटोल नाक्याच्या रेणुका ले-आऊटमध्ये कचरा पेटल्याची वर्दी येऊन गेली होती. तेच डोक्यात होतं.

त्यानं घंटा दाबली. गाडी काटोल नाक्याकडे गेली.

तिथे बावीस नंबरच्या प्लॉटवर नुसती काटेरी झुडपं होती. सायरन ऐकून माणसं टॉवेल गुंडाळून बाहेर आली. ड्रायव्हर रजतनं वायरलेसवर विचारलं, “सुशीलभाऊ, इथं तं काहीच नाही गा. बाजू कोणती सांगितली बाईनं?”

सुशीलच्या हातातला घास तसाच राहिला.

गाडी पूर्ण शहर ओलांडून उमरेड रोडला पोचली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेरच्या नळाला पाईप लावून शेजारी पाणी मारत होते. आत काही उरलं नव्हतं. यमुनाबाई, सगळ्यांच्या यमुताई, दाराशीच सापडल्या. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते.

त्या संध्याकाळी सुशीलनं वर्दीच्या पुस्तकात लिहिलं...

‘पत्ता अपुरा. कॉलरने बाजू सांगितली नाही.’

‘उमरे’ एवढं त्यानं ऐकलं होतं. हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. फोनचं रेकॉर्डिंग होतं, पण लेखी तक्रार आल्याशिवाय ते कोणी काढत नाही.

तक्रार आली नाही. यमुताईंचे यजमान आले. कृष्णकांत त्यांचं नाव. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, साठीचे, हातात कापडी पिशवी. आगीच्या दिवशी ते पेन्शनच्या कामानं सदर भागात गेले होते.

“साहेब, ती अर्धवट सांगणारी बाई नव्हती,” ते म्हणाले. “भाजीवाल्यालासुद्धा पूर्ण पत्ता सांगायची. दोनदा सांगायची. मी चिडायचो तिच्यावर.”

“काका, घाबरलं की माणूस विसरते,” सुशील म्हणाला.

“ती नसती विसरली.”

“विसरल्या ना पण. आता मी काय करू? पत्ताच बरोबर दिला नाही तुमच्या बाईनं. गाडी काय वास घेत जाते का?”

कृष्णकांत पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायले आणि निघून गेले. बाई गेलेल्या घरात परत जायचं म्हणजे पाय उचलत नाहीत. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. ते चालतच गेले.

सुशील घरी जाऊन जेवला. झोपलाही.

पंधरा मे. यमुताईंचा तेरावा दिवस.

दोन चाळीसला फोन वाजला. उचलताना त्यानं सवयीनं डिस्प्ले पाहिला. नंबर उमटला नव्हता.

“फायर स्टेशन, बोला.”

पलीकडे कूलरची घरघर होती. मग...

“भाऊ, बाजू सांगायची राहिली.”

सुशीलच्या मानेवरून घाम उतरला.

“कोण बोलते?”

“बाजू विचारा ना, भाऊ.”

आवाज तोच होता. तो आवाज त्यानं रोज मनात ऐकला होता, चुकणं शक्य नव्हतं. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “कोणत्या बाजूचं?”

“उमरेड रोड. रेणुका ले-आऊट. प्लॉट नंबर बावीस.”

फोन बंद झाला.

वर्दी आली की गाडी सोडावीच लागते. खोटी वाटली तर उलट फोन लावून खात्री करायची. पण लावायला नंबरच नव्हता. न सोडावी आणि खरंच आग असली तर? त्यानं घंटा दाबली.

गाडी सायरन वाजवत त्या जळक्या घरासमोर जाऊन थांबली. कृष्णकांत पडवीत पाटावर बसले होते. तेराव्याची भांडी घासून उन्हात पालथी घातली होती. ते गेटपर्यंत आले.

“आता काय विझवायला आलात?” एवढंच म्हणाले.

रजतनं परत आल्यावर हे सांगितलं तेव्हा त्याला सुशीलकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन चाळीस. पुन्हा गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी कृष्णकांत बाहेर आले नाहीत. त्यांनी आतून खिडकी लावून घेतली.

स्टेशन ऑफिसर साहेबांनी सुशीलला बोलावलं. स्वानंद नावाचा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर कॉम्प्युटर घेऊन बसला होता. तीनही दिवसांचं रेकॉर्डिंग त्यानं लावलं.

रेकॉर्डिंगमध्ये सुशीलचा आवाज होता.

“फायर स्टेशन, बोला...”

“कोण बोलते?...”

“कोणत्या बाजूचं?...”

मधे काहीच नव्हतं. कूलरची घरघरसुद्धा नव्हती.

“तब्येत बरी आहे ना, वैरागडे?” साहेबांनी विचारलं.

“बरी आहे साहेब.”

“त्या बाईचं मनावर घेऊ नका. तुमची चूक नव्हती. तिनं बाजूच सांगितली नाही.”

सुशीलला तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत तिघंच होते. तो म्हणाला, “हो साहेब.”

मग दोन दिवस फोन आला नाही.

वीस मे. दोन चाळीस. नंबर नाही.

“अहो...”

सुशीलनं रिसीव्हर घट्ट धरला. हा यमुताईंचा आवाज नव्हता.

“अहो, कूलरमधून धूर येऊन राहिला. लवकर या ना.”

ती उत्तरा होती. त्याची बायको.

“उत्तरा? मोबाइलवर काहून नाही लावला?”

“दिघोरी,” ती म्हणाली. “उमरेड रोडची बाजू. पाण्याच्या टाकीजवळ.” आपल्याच नवऱ्याला आपल्याच घराचा पत्ता, खुणेसकट, बाजूसकट.

त्यानं घंटा इतक्या जोरात दाबली की बटण आत अडकलं.

वीस मिनिटांनी रजतचा वायरलेस आला. आवाजात हसू होतं. “सुशीलभाऊ, वहिनी मुगवड्या घालून राहिल्या. सगळी गल्ली जमा झाली. मले म्हणतात, आले तसे पाणी पिऊन जा भाऊजी.”

संध्याकाळी उत्तरा मात्र हसली नाही.

“काहून तमाशा करून राहिले तुम्ही? मी कुठं फोन केला? हा पाहा माझा मोबाइल.”

मोबाइलमध्ये कॉल नव्हता.

“त्या बाईचं काय झालं, खरं सांगा मले.”

“काही नाही झालं.”

“तुम्ही झोपेत बाजू, बाजू करता. शेजारच्या काकू मले विचारून राहिल्या, तुमच्या घरी वाटण्या होऊन राहिल्या का म्हणून.”

तिनं ताट वाढलं आणि उठून गेली.

एकवीस मे. पुन्हा दोन चाळीस. पुन्हा उत्तराचा आवाज. या वेळी ती खोकत होती.

सुशीलनं घंटेवर बोट ठेवलं, पण दाबली नाही. ड्रॉवरमधून मोबाइल काढला आणि दुसऱ्या कानाला लावला. घरी रिंग गेली. एका कानात उत्तरा खोकत होती. दुसऱ्या कानात उत्तरा झोपेतून उठून चिडली होती.

“काय झालं?”

“तू ठीक आहे ना?”

“आत्ताच डोळा लागला होता. मी जिवंत आहे. आता उद्या उठवू नका मले.”

तिनं फोन ठेवला. पहिल्या कानातली अजून खोकत होती. ती मध्येच थांबली आणि...

हसली.

सुशीलनं घंटा दाबली नाही. पण ते हसणं ऐकून तो रिसीव्हरवर ओरडला, ते बाहेर ऐकू गेलं होतं. साहेबांनी संध्याकाळी कागद हातात दिला. आता कारण नसताना एकदा जरी गाडी निघाली तर निलंबन. घराचा हप्ता, गावाकडे आई, सगळं त्या नोकरीवर होतं. त्यानं सही केली.

बावीस मे.

दोन पस्तीसपासून तो फोनकडे बघत बसला होता. रजत दारात उभा राहून म्हणाला, “मी उचलू का गा आज?”

“नको.”

दोन चाळीस झाले.

फोन वाजला नाही.

दोन एक्केचाळीस.

वाजला.

सुशीलनं डिस्प्लेकडे पाहिलंच नाही.

“अहो... दार लागून गेलं हो. धूर... मले दिसत नाही काही. अहो...”

खोकला. काहीतरी आदळल्याचा आवाज. पुन्हा खोकला.

घरी मोबाइल लावावा असं त्याच्या मनात आलं. हात ड्रॉवरपर्यंत गेलाही. पण उठवू नका म्हणाली होती. आणि कालचं ते हसणं अजून कानात होतं. सात दिवसांची झोप नव्हती. जिच्या नावावर त्यानं खोटं लिहिलं, ती बाई त्याच्या बायकोचा आवाज काढून बोलत होती, असंच त्याला वाटलं.

“आता बस झालं,” तो म्हणाला. “मर तिकडंच.”

आणि त्यानं फोन ठेवला.

रजतनं ते ऐकलं.

दोन अठ्ठावन्नला पुन्हा फोन आला. या वेळी डिस्प्लेवर नंबर होता. बाई रडत होती. शेजारच्या काकू होत्या.

“दिघोरी... पाण्याच्या टाकीजवळ... सुशील, तूच आहे का रे? तुझ्या घराच्या मागच्या खोलीतून...”

तरीही त्याच्या तोंडून निघालं, “कोणत्या बाजूचं?”

अकरा वर्षांची सवय होती.

उत्तराला बाहेर काढलं ते रजतनं. सुशीलला गाडीतून उतरू दिलं नाही. कूलरची वायर जुनी होती, त्यातल्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्या होत्या, दाराची कडी अडकून बसली होती. पंचनाम्यात एवढंच आलं. तिचा मोबाइल वितळून पलंगाच्या लोखंडाला चिकटला होता.

सुशीलच्या मोबाइलवर तिचा एकही मिस्ड कॉल नव्हता. हे त्याला नंतर, दहाव्याला सुचलं.

चौकशी बसली. साहेबांनी रेकॉर्डिंग मागवलं. या वेळी मधे शांतता नव्हती. या वेळी आवाज होता. पूर्ण बत्तीस सेकंद.

साहेबांनी ते एकट्यानं, कानाला लावून ऐकलं. ऐकता ऐकता उठले आणि बाहेर गेले. व्हरांड्यात कोणाशी तरी फोनवर बोलून परत आले. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं.

“ऐकायचं आहे का?” त्यांनी विचारलं.

सुशीलनं मान हलवली. नको.

मग त्यांनी टाइप केलेला कागद समोर ठेवला. नंबरचा रकाना रिकामा होता. खाली कॉलरचं बोलणं. त्याखाली ऑपरेटरचं.

‘आता बस झालं. मर तिकडंच.’

“हे तुमचं आहे?”

“हो.”

“सही करा.”

उत्तराचे वडील, वसंतराव, बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी कागद वाचला होता. सुशील बाहेर आला तशी त्यांनी पायाजवळ ठेवलेली उत्तराच्या कपड्यांची बॅग उचलून आपल्या मांडीवर घेतली, त्याचा धक्का लागू नये म्हणून.

निलंबन झालं. त्या घरात राहणं शक्य नव्हतं. महाल भागात एक खोली घेतली. दुपारी पंखा लावून बसायचा. कूलर घेतला नाही.

त्याला आता एकच गोष्ट पाहिजे होती. नोकरी नको होती, माफीही नको होती. ते शेवटचं वाक्य उत्तराच्या कानावर पडलं होतं की नाही, एवढंच. ती जाणार होती तर गेली. पण जाताना नवऱ्याच्या तोंडून ते ऐकून गेली का?

जूनमध्ये तो कृष्णकांतांकडे गेला. स्वानंदकडून त्यानं दोन्ही रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेतली होती. तीन मेचं आणि बावीस मेचं. एकही ऐकलं नव्हतं.

कृष्णकांतांनी दार उघडलं. घराला नवा चुना दिला होता, पण खिडकीच्या वर काळं पुन्हा उमटलं होतं.

“काका, त्यांनी बाजू सांगितली होती,” सुशील दारातच म्हणाला. “मी पूर्ण ऐकून घेतलं नाही. पुस्तकात खोटं लिहिलं.”

कृष्णकांतांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हे लिहून द्याल?”

त्यानं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. चारदा घडी केली.

“मला माहीतच होतं,” ते म्हणाले. “तुमच्या बाईचं कळलं मला. वाईट झालं असं म्हणायला पाहिजे. म्हणवत नाही.”

“नका म्हणू.”

“तिचा आवाज आहे का तुमच्याकडे? हिचा... शेवटचा?”

त्यानं तीन मेचं रेकॉर्डिंग लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. डोळे मिटले.

आणि मग उघडले.

“नंबर हिचाच आहे हा?”

“त्यांचाच आहे काका. पुस्तकात आहे.”

“आवाज हिचा नाही.”

“काका, त्यांनी नाव सांगितलं आहे त्यात.”

“चाळीस वर्षं संसार केला मी. आवाज हिचा नाही.”

त्यांनी मोबाइल पाटावर ठेवला, तापलेला तवा ठेवावा तसा. मग आत तोंड करून हाक मारली, “अबोली... ए अबोली...” अबोली त्यांची मुलगी, बाळंतपणाला आली होती. तिनं ओ देईपर्यंत ते हाक मारत राहिले. ती बाहेर आल्यावर सुशीलला म्हणाले, “आता निघा तुम्ही.”

सुशील उन्हातून पळतच बसस्टॉपवर आला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो आवाज यमुताईंचा नव्हता, तर बावीस मेचा आवाजही उत्तराचा नसेल. मग ते वाक्य उत्तरानं ऐकलंच नसेल.

फक्त कोणीतरी ऐकून सांगायला पाहिजे होतं. स्वतः ऐकायची त्याची छाती होईना.

उत्तराचा आवाज ओळखेल असा एकच माणूस त्याच्याशी अजून बोलत होता.

रजत पाळी संपवून महालातल्या खोलीवर आला. दुपार होती. त्यानं पाणी घेतलं, चप्पल काढली, खाटेवर बसला.

“काहून उकरून काढतं गा हे?”

“बत्तीस सेकंदाचं आहे. ऐक. आवाज तुझ्या वहिनीचा आहे का नाही, एवढंच सांग.”

“आणि असला तर?”

“तर सांग.”

“आणि नसला तर कोणाचा आहे म्हणून विचारशील.”

“नाही विचारत.”

रजतनं मोबाइल घेतला आणि कानाला लावला. सुशील त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसला. दहा सेकंद झाले. पंधरा. रजतचं तोंड उघडं राहिलं. वीस. त्याच्या कपाळावरची शीर वर आली. बत्तीस झाले, आणि खोलीत नुसता पंखा फिरत राहिला.

“वहिनीचा आहे?” सुशीलनं विचारलं.

रजतनं मोबाइल कानावरून काढला.

“रजत, वहिनीचा आहे का? सांग ना गा.”

रजतनं सुशीलचा मोबाइल खाटेवर टाकला. खिशातून स्वतःचा काढला. त्यात स्वतःच्या बायकोचं नाव शोधलं. त्यानं फोन कानाला लावला, आणि दुसरा हात वर करून सुशीलला गप्प केलं.

तिकडे रिंग जात होती.

फोन अजून कोणी उचलला नव्हता.